हिशाकु तळ्याचा हिवाळी गोळा

मित्रांनो, वयाची साठी उलटलेला, एका डोळ्याचा आणि स्वभावाने जरा तिरसट असा मी एक सूक्ष्मदर्शक आहे. माझ्या कोपऱ्यांवरचा काळा रंग उडून आतले पितळ दिसू लागले आहे. मला वीज लागत नाही. पायाशी एक गोल आरसा आहे, तो खिडकीतला उजेड उचलून वर फेकतो आणि माझ्या नळीला डोळा लावणाऱ्याला पाण्याच्या थेंबातले जग दिसते. आजकालच्या दिव्याच्या आणि पडद्याच्या सूक्ष्मदर्शकांपुढे मी म्हातारा दिसतो, हे मला ठाऊक आहे. पण मी एक गोष्ट पाहिली आहे आणि तिच्यातल्या चुकीत माझाही वाटा आहे. ती सांगितल्यावाचून मला चैन पडायचे नाही.

माझा जन्म तोक्योच्या एका लहान कारखान्यात झाला. तिथे एक म्हातारा कारागीर दिवसभर भिंगे घासत बसे. माझे मोठे भिंग त्याने अकरा वेळा परत घासले आणि बाराव्या वेळी आकाशाकडे धरून तो नुसता "हं" म्हणाला. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. मग भुशात बांधून मला आधी रेल्वेने आणि पुढे बोटीने समुद्रापलीकडे सानुकीला पाठवले. सानुकीत पाऊस बेताचा, म्हणून जुन्या लोकांनी शेतीसाठी जिकडेतिकडे तळी खणून ठेवलेली. आमची शाळा अशाच एका तळ्याच्या बांधाला लागून होती. तळ्याचा आकार पळीसारखा, म्हणून त्याचे नाव हिशाकु, म्हणजे पळी.

काही वर्षांनी त्या शाळेत मिझोबुची सेन्सेई, म्हणजे मिझोबुची गुरुजी, जीवशास्त्र शिकवायला आले आणि मला माझा खरा धनी मिळाला. अंगाने काटकुळे, आवाजाने खणखणीत. मुलांनी मला एका हाताने उचलले की ते वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून गरजायचे. माझी भिंगे ते स्वतः पुसत, त्यासाठी जुन्या रेशमी किमोनोचा एक तुकडा त्यांच्या खिशात असे. सानुकीच्या दमट हवेत भिंगांना बुरशी लागते, आणि थंडीत खोली तापवली की त्यांच्यावर दव धरते. म्हणून सेन्सेईंनी एक नियम केला होता. निरीक्षणाच्या खोलीत शेगडी पेटवायची नाही, कितीही गारठा पडो. मुले हातांवर फुंकर मारत बसत, सेन्सेई स्वतः बोटे कापलेले हातमोजे घालत, आणि मी आरामात असे. खरे सांगतो, या नियमाचा मला भारी अभिमान वाटायचा.

सेन्सेईंचा जीव जडला होता तो सूर्यजंतूंवर. तुम्ही ते पाहिले नसतील. एकच पेशी, पण साबणाच्या फेसासारखी बुडबुड्यांनी भरलेली, आणि तिच्या सगळ्या अंगातून चहूबाजूंनी सरळ, ताठ, केसाहून कितीतरी बारीक हात निघालेले. लहान मूल सूर्य काढते ना, तसा. त्या प्रत्येक हाताच्या आत अतिसूक्ष्म काड्यांची एक जुडी असते, तिच्यामुळे हात ताठ राहतो. पोहत येणारा एखादा किडा हाताला लागला की चिकटलाच. मग तो हात हळूहळू आखडतो आणि शिकार अंगाशी आणतो. शिकार फार मोठी असली तर दोन-तीन सूर्यजंतू चक्क एकमेकांत मिसळतात, एकत्र जेवतात, आणि जेवण पचले की आपापल्या वाटेने निघून जातात. अंगाच्या कडेला एक फुगा फुगत जातो आणि फुटतो, पुन्हा फुगतो. शिरलेले जादा पाणी तो असा बाहेर टाकतो. उपासमार झाली की हा जीव स्वतःभोवती कवच करून झोपून जातो. मी आयुष्यात पुष्कळ जीव पाहिले, पण याच्याएवढा देखणा दुसरा नाही.

सोगो फुमिए तेव्हा याच शाळेत शिकत होती. पुढे विसाव्या वर्षी ती प्रयोगशाळेची मदतनीस म्हणून परत आली. तळ्यातून पाणी आणायचे, काचपट्ट्या धुवायच्या, बशीतल्या सूर्यजंतूंना दर दहा दिवसांनी नव्या पाण्यात हलवायचे, अशी तिची कामे. बोलायला कमी, पण एकदा धरले की न सोडणारी. बशीला साबण लावायचा नाही हे तिला एकदाच सांगावे लागले, आणि तेव्हापासून तिच्या हातून बशीतला एकही जीव मेला नाही.

तिच्या नोकरीच्या दुसऱ्याच हिवाळ्यात, जानेवारीच्या एका सकाळी, तळ्यावर पापुद्र्याएवढे बर्फ होते. फुमिएने ते फोडून पाणी आणले. सेन्सेईंनी थेंब माझ्याखाली ठेवला आणि त्यांना एक नवाच प्राणी दिसला. फेसाळ, गोल, आणि एकही हात नसलेला. सूर्यजंतूंच्या वहीत हात असणारेच जीव बसत, म्हणून याला तिथे जागा नव्हती. पुढचे तीन हिवाळे सेन्सेईंनी तो पुन्हा पुन्हा पाहिला, आणि मग शाळेच्या वार्षिक अंकात त्याच्यावर लेख लिहिला. सूर्यजंतू उन्हाळी, हा हिवाळी. त्याला त्यांनी नाव दिले फुयुदामा, हिवाळी गोळा.

गावाला हे नाव फारच आवडले. आपल्या तळ्यात असा जीव आहे जो दुसरीकडे कुठे सापडत नाही, हे ऐकून कोणाला बरे वाटणार नाही? देवळाजवळच्या हलवायाने पांढऱ्या साखरेच्या गोल वड्या फुयुदामा नावाने विकायला काढल्या. सेन्सेई रस्त्याने निघाले की लोक वाकून नमस्कार करत. आणि ज्या भिंगातून तो पहिल्यांदा दिसला ते भिंग म्हणून माझाही रुबाब वाढला. पालकसभेला मला टेबलावर मांडून ठेवत.

मध्येच एकदा विद्यापीठातून एक संशोधक बाई व्याख्यानाला आल्या. त्यांनी सांगितले की सूर्यजंतू हे एक कुळच नाही. सरळ ताठ हात निरनिराळ्या वंशांत स्वतंत्रपणे निघाले आहेत. अंगावर काचेचे बारीक खवले मिरवणारे वेगळ्या घराण्यातले, देठावर जाळीदार पिंजरा बांधून राहणारे तिसऱ्याच, आणि हिशाकु तळ्यातला फेसाळ सूर्यजंतू तर आपल्या उदोन शेवयांच्या रश्श्यात घालतात त्या कोम्बू शेवाळाचा दूरचा नातलग. "रूप बघून नातं ठरवू नका," असे त्या हसत म्हणाल्या. सेन्सेईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेला तक्ता होता, त्यात सगळे सूर्यजंतू एकाच फांदीवर बसवलेले. तो तक्ता त्यांनी उतरवला नाही. फुमिएने मात्र ते वाक्य काचपट्ट्यांच्या डब्याच्या झाकणावर पेन्सिलीने लिहून ठेवले.

सेन्सेई निवृत्त झाले. शाळेत दिव्याचे नवे सूक्ष्मदर्शक आले आणि मी कपाटात गेलो. अकरा महिने अंधार, वर एक जुनी चादर. फक्त जानेवारीत दार उघडे. सेन्सेई हातमोजे घालून येत, फुमिए पाणी आणी, आम्ही तिघे त्या गारठलेल्या खोलीत बसून फुयुदामा पाहत असू, आणि सेन्सेई त्याचे चित्र काढत. अशी वर्षे गेली. त्या एका आठवड्यासाठी मी वर्षभर कपाटात तग धरून राहायचो.

यंदा सेन्सेईंचे गुडघे दुखावले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले आहेत ते. त्यांनी निरोप पाठवला की या वर्षी फुमिएनेच बघावे आणि चित्र काढून ठेवावे. फुमिएही आता बावन्न वर्षांची. नऊ जानेवारीला तिने मला काढले, पुसले, थेंब ठेवला. मग इकडेतिकडे पाहून रॉकेलची छोटी शेगडी आत आणली आणि पेटवली. माझा जीव वरखाली झाला. पण तिची बोटे निळी पडली होती, तिला तरी काय बोलणार?

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. नगरपालिकेचा होता. तळ्याच्या बांधावर पाटी लावायचे ठरले होते, फुयुदामाची, सेन्सेईंच्या नावासकट. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तिचे उद्घाटन. दगड कोरायला दिला आहे, मजकूर एकदा ऐकून घ्या, असे तिथला कारकून म्हणत होता. मजकूर लांबलचक होता. चाळीसेक मिनिटांनी फुमिए परतली आणि तिने माझ्या नळीला डोळा लावला.

काचपट्टीवर फुयुदामा नव्हता. तिथे एक सूर्यजंतू होता, चहूबाजूंनी हात पसरून.

तिला आधी वाटले की काचपट्टी बदलली. मग वाटले, थेंबात दोन्ही असतील. पण फुमिए अशी वाटण्यावर थांबणारी बाई नव्हे. तिने एकाच बशीतले सहा थेंब सहा काचपट्ट्यांच्या खळग्यांत घेतले, कडांना व्हॅसलीन लावून बंद केले. तीन खिडकीबाहेर बर्फाशेजारी ठेवले, तीन शेगडीजवळ. तासाभराने बाहेरच्या तिघांत गोळे, आतल्या तिघांत सूर्य. मग तिने त्यांची अदलाबदल केली. बाहेर गेलेल्यांचे हात आखडत आखडत नाहीसे झाले. आत आलेल्यांना हात फुटले. तीन दिवस ती हेच करत राहिली, आणि तिन्ही दिवस उत्तर तेच आले. थंडीने हातांतल्या त्या काड्यांच्या जुड्या विरघळतात आणि ऊब मिळाली की पुन्हा उभ्या राहतात. दोन प्राणी नव्हतेच. एकच होता, आणि तो थंडीत हात आवरून बसत होता.

आणि त्याला थंडीत बसवले होते कोणी? माझ्या भिंगांवर दव धरू नये म्हणून ती खोली थंड ठेवली होती. मित्रांनो, हे मला कळले तेव्हा मला माझ्या पितळेची लाज वाटली.

फुमिए गप्प राहिली असती तर कोणाला काही कळले नसते. पाटी लागली असती, म्हाताऱ्या गुरूचा सन्मान झाला असता, हलवायाच्या वड्या खपल्या असत्या. मुख्याध्यापकांनी तिला हेच सुचवले. इतकी वर्षे चालले, अजून थोडे चालू द्या, पाटीवरून कोणी परीक्षा थोडीच देणार आहे, असे ते म्हणाले. फुमिएने ऐकून घेतले, वाकून नमस्कार केला, आणि मला कापडी गाठोड्यात बांधले. दुसऱ्या हातात बर्फाचा डबा, त्यात तळ्याच्या पाण्याच्या काचपट्ट्या. बसमध्ये ती मला मांडीवर घेऊन बसली. मी चांगलाच जड आहे, पण तिने मला एकदाही खाली ठेवले नाही.

सेन्सेई कोतात्सुपाशी बसले होते, म्हणजे गोधडी पांघरलेल्या, खालून ऊब देणाऱ्या बुटक्या मेजापाशी. फुमिएने सगळे सरळ सांगितले. एकही शब्द गोड केला नाही. सेन्सेईंचा चेहरा हळूहळू कठीण झाला.

"काच नीट धुतली नसशील," ते म्हणाले.

"धुतली होती, सेन्सेई."

"बत्तीस वर्षं काचा धुतल्यास तू फुमिए. आता एकदम शास्त्रज्ञ झालीस होय?"

हे तिला लागले. मला दिसले. पण तिने डोळे खाली केले नाहीत. "काचा मीच धुतल्यात, म्हणून तर सांगते ना. काचेत काही खोट नव्हती. आणि त्या पहिल्या सकाळी बर्फ फोडून पाणी मीच आणलं होतं. चूक तुमची एकट्याची नाही."

सेन्सेई म्हणाले की त्यांना काही बघायचे नाही. फुमिए म्हणाली की मग ती इथेच बसते. आणि बसली. सेन्सेईंनी वर्तमानपत्र उघडले, मिटले, पुन्हा उघडले. त्यांच्या सुनेने चहा आणला, तो दोघांपुढे निवून गेला. शेवटी सेन्सेई फणकारून म्हणाले, "बरं, लाव. माझा गोळा मी तुलाच दाखवतो."

तिने मला मेजावर ठेवले, आरसा खिडकीकडे वळवला, आणि बर्फाच्या डब्यातली काचपट्टी माझ्याखाली सरकवली. सेन्सेईंनी डोळा लावला. गोळा होता. एकही हात नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जुने हसू आले.

"हा बघ. दिसला?"

"दिसला. आता उठायचं नाही," फुमिए म्हणाली आणि तिने त्यांच्यासमोर वही आणि पेन्सिल ठेवली. "दर पाच मिनिटांनी एक चित्र. दिसतं तेच काढायचं, माहीत असतं ते नाही. तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

स्वतःचाच नियम, तो कसा मोडणार? सेन्सेईंनी पेन्सिल उचलली. पहिला गोळा काढला. दुसरा काढला. तिसरा, चौथा. खोली उबदार होती, दुखऱ्या गुडघ्यांसाठी ठेवलेली. माझी धातूची अंगकाठीही हळूहळू कोमट होत होती.

"पाच झाले," सेन्सेई टोमणा मारत म्हणाले. "अजून किती गोळे हवेत तुला? दुकान टाकायचंय?"

"दहा," फुमिए म्हणाली.

सहाव्या वेळी त्यांची पेन्सिल अडखळली. कडेला काहीतरी खरखरीत दिसत होते. धूळ असेल, ते पुटपुटले. मग धूळ काढा, फुमिए म्हणाली. त्यांनी धूळ काढली. सातव्या चित्रात ती धूळ अंगाच्या चारी बाजूंना सारख्या अंतरावर होती. आठव्या चित्रात आखूड काटे होते, नवव्यात ते लांबले. मी माझा एकुलता एक डोळा त्यांच्या डोळ्याला लावून होतो, म्हणून सांगतो, त्यांच्या पापणीचा थरकाप मला जाणवत होता. तरी त्यांनी डोळा हटवला नाही. दहावे चित्र त्यांनी सावकाश, एकेक हात मोजून काढले. तो पूर्ण सूर्य होता.

मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"एकतीस हिवाळे," ते म्हणाले. "एकतीस हिवाळे मी त्याला गारठ्यात बसवला, आणि वहीत लिहिलं की याला हातच नाहीत." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "भिंग मात्र जपलं हो."

फुमिए रडत होती. इतका वेळ धरून ठेवलेले आता सुटले. तिने माफी मागितली, तेव्हा सेन्सेई पहिल्यांदा खरोखर रागावले. माफी कसली मागतेस, असे त्यांनी दरडावले, आणि सुनेला फोन आणायला सांगितले.

नगरपालिकेच्या कारकुनाच्या तोंडचे पाणी पळाले. दगड कोरून झाला आहे, पुढच्या महिन्यात उद्घाटन आहे, आमंत्रणे गेली आहेत, असे तो पलीकडून विनवत होता. सेन्सेईंनी सगळे ऐकून घेतले.

"कोरला असेल तर राहू दे," ते म्हणाले. "दगडाला मागची बाजू असते ना? ती कोरी आहे. मजकूर मी पाठवतो."

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी हिशाकु तळ्याच्या बांधावर गाव जमले. मलाही नेले होते, आणि माझ्या शेजारी एक शेगडी पेटवून ठेवली होती. सेन्सेई काठी टेकत आले. पडदा दूर झाला तेव्हा लोकांना दिसली ती दगडाची मागची बाजू. तिच्यावर ओळीने दहा चित्रे कोरली होती, गोळ्यापासून सूर्यापर्यंत. खाली लिहिले होते: या तळ्यात फुयुदामा नावाचा प्राणी नाही. सूर्यजंतू आहे, तो थंडीत हात आवरतो. चूक, मिझोबुची. दुरुस्ती, सोगो फुमिए. जुन्या बाजूचे एक अक्षरही सेन्सेईंनी खोडू दिले नव्हते. ती बाजू आता पाण्याकडे होती आणि कोणालाही बांधावरून वळून जाऊन वाचता येत होती.

आपले नाव दगडावर येणार हे फुमिएला आधी ठाऊक नव्हते. ती पुढे होऊन हळूच म्हणाली, "सेन्सेई, माझं नाव नको होतं टाकायला."

"चुकीवर माझं टाकलंय ना?" सेन्सेई म्हणाले. "मग दुरुस्तीवर तुझं नको तर कोणाचं?"

लोक थोडा वेळ गोंधळले. मग हलवाई पुढे आला. त्याने माझ्या नळीला डोळा लावला, शेगडीजवळच्या काचपट्टीवर हात फुटताना पाहिले, आणि आपल्या बायकोला हाक मारली. त्यानंतर रांग लागली ती दुपारपर्यंत हटली नाही. इतके डोळे माझ्या आयुष्यात एका दिवसात कधी लागले नव्हते. नळीवर वाफ धरत होती, कोणीतरी बाहीने पुसत होते, भिंगावर बोटांचे ठसे उमटत होते. मी तक्रार केली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू अशा वेळी तुमच्याकडे काळजी घेण्याची विनवणी करतात. मी निराळे मागणे मागतो. धूळ बसली तर पुसा, एवढे पुरे. पण मला जपण्यापायी माझ्याखालच्या जिवाला गारठ्यात बसवू नका. जे दिसले ते ऊब देऊन पुन्हा बघा, जागा बदलून बघा, आणि गुरूने सांगितले असले तरी बघा. भिंगाला बुरशी लागली तर ती एका दुपारी निघते. एका जिवाबद्दल लिहिलेले खोटे काढायला आम्हाला एकतीस वर्षे लागली.